बैठक आधी, पेटी मागाहून

माझा एक मामेभाऊ बरीच वर्षे अमेरिकेतील टेक्सस राज्यात राहतो. पेशाने तो यंत्रांचा अभियंता, आणि आठवड्याच्या अखेरीस नाचघरांतून पेडल स्टील गिटार वाजवणारा वादक. मध्यंतरी त्याने मला एक आराखडा पाठविला. गावोगाव फिरणाऱ्या वादकाने ज्यावर बसून वाजवावे आणि ज्याच्या पोटात आपले सामानही भरून न्यावे, अशा बैठकवजा पेटीचा तो आराखडा होता. (आमच्याकडे पेटी म्हणजे बाजाची पेटी; येथे मात्र साधी झाकणाची पेटी समजावी.) लांबी २० इंच, खोली १६ इंच, उंची १८ इंच, पाऊण इंच जाडीचे प्लायवूड, वर गादी, आत बारा कप्पे. अशा दहा पेट्या करून तिकडच्या वादकमित्रांना विकण्याचा त्याचा मानस आहे. खाली एक ओळ होती : “दादा, तू वकील आहेस, यात एक तरी दोष काढून दाखव.”

दोष एक नव्हे, मूळचाच निघाला. तसे मी कळविले तेव्हा त्याचे उत्तर आले की, तू हे वाद्य वाजवीत नाहीस. हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु साक्षीदाराला कुंभारकाम येत नसले तरी मडके गळते आहे एवढे सांगण्याचा त्याचा अधिकार कोणतेही न्यायालय नाकारीत नाही. खाजगी पत्रातला हा वाद मी चव्हाट्यावर आणीत आहे, कारण ज्या समजुतीतून तो आराखडा निघाला ती समजूत त्या एकट्याची नाही. वाद्य तेवढे खरे, बसायला काय, काहीही चालेल, ही ती समजूत होय.

प्रथम हे वाद्य काय आहे ते पाहू. त्याचे मूळ हवाई बेटांवरचे. तेथील जोसेफ केकुकू या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी दांडी सरकवून वाजविण्याची पद्धत रूढ केली, असे मानतात. १९१५ साली सान फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाई संगीत गाजले आणि ते लोण सगळ्या अमेरिकेत पसरले. पुढे मांडीवरचे वाद्य पायांवर उभे राहिले, त्याला पेडले जोडली गेली. १९५४ साली वेब पिअर्सच्या एका गाजलेल्या गाण्यात बड आयझॅक्स याने पेडल दाबून वाजत्या तारेचा स्वर चढविला, आणि त्यानंतर त्या देशातील ग्रामीण ढंगाच्या गाण्यांना या वाद्याच्या विव्हळणाऱ्या मिंडेवाचून करमेनासे झाले.

आज पुष्कळ ठिकाणी दिसणाऱ्या दुहेरी वाद्यात दहा-दहा तारांच्या दोन पट्ट्या असतात, खाली सात-आठ पेडले असतात आणि गुडघ्यांनी ढकलावयाचे चार-पाच खटके. डाव्या हातात पोलादी दांडी, उजव्या हाताच्या आंगठ्यावर आणि दोन बोटांवर नख्या. डाव्या पायाने पेडले दाबावयाची, तीही कित्येकदा दोन एकदम, आणि त्यातल्या एकावरून दुसऱ्यावर घोटा कलवून जावयाचे. उजवा पाय आवाज कमीजास्त करण्याच्या पेडलवर सतत तोललेला. दोन्ही गुडघे डावीकडे, उजवीकडे, आणि एखाद्या खटक्यासाठी वरच्या दिशेनेही हलते.

आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. सतारिया मांडी घालून बसतो, त्याचा भार जमिनीवर असतो. व्हायोलिन उभ्याने वाजविणाऱ्याचा भार त्याच्या पायांवर असतो. खुर्चीवर बसून साधी गिटार वाजविणाराही पाय जमिनीला टेकून अर्धा तोल सांभाळतो. पेडल स्टीलच्या वादकाचे दोन्ही हात, दोन्ही पावले आणि दोन्ही गुडघे कामात गुंतलेले असतात. शरीराचा सगळा भार जेथे टेकतो अशी एकच जागा उरते, आणि ती म्हणजे बैठक. तीन-चार तासांच्या नाचात त्याचे पेडल अचूक पडते की नाही, ते बसण्याच्या उंचीवर बरेचसे अवलंबून असते. बैठक इंचभर उंच झाली की मांड्या खटक्यांना भिडतात आणि न मागितलेला स्वर उमटतो. इंचभर खाली गेली की खांदे वर चढतात, घोटा मुडपतो, आणि रात्रीच्या शेवटी कंबर आपला जबाब नोंदविते. असे असता बैठक हा वाद्याचाच एक अवयव आहे असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती कोठे आली?

आमच्या मामेभावाने मात्र आरंभ उलट्या टोकाकडून केला. त्याने आधी सामानाची यादी केली. आवाजाचे पेडल, तारांचे संच, नख्या, दांडी, वायरी, पाने, स्वर जुळविण्याचे यंत्र, कापूस, टॉर्च. मग हे सर्व मावेल अशी पेटी काढली, आणि तिच्यावर गादी ठोकली. ही पेटी बसण्याजोगी आहे. बैठक ती नव्हे.

१६ इंच खोलीचेच उदाहरण घ्या. जेवणाच्या खुर्चीला ती शोभते. परंतु ज्याच्या मांड्या सतत आजूबाजूला आणि वर हलत्या राहिल्या पाहिजेत, त्याचा भार फक्त बुडाखालच्या हाडांवर पडला पाहिजे, मांडीचा मधला भाग मोकळा सुटला पाहिजे. खोल बैठकीची कडा गुडघ्यामागे रुतते आणि डाव्या गुडघ्याचा खटका जड वाटू लागतो. वादकाला वाटते, खटका बिघडला. बिघडलेली असते बैठक! बारा इंच खोली पुरेशी आहे, पुढची कडा गोल हवी. मग पेडल मावणार कसे, असे त्याने विचारले. अरे, पेटीची लांबी २० इंच आहे ना? पेडल आडवे ठेव!

दुसरी गोष्ट उंची. १८ इंच हे माप त्याचे स्वतःचे आहे आणि तो सहा फूट उंच आहे. वाद्य करणाऱ्या कारखान्यांना उंच वादकासाठी वाद्याचे पाय लांब करून द्यावे लागतात हे तो जाणतो. पण आपल्या दहा पेट्या मात्र एकाच उंचीच्या करतो. हा कोणता न्याय? चार पायांत भोके आणि खिळी ठेवून तीन-चार इंचांचा फरक करता येईल अशी सोय लोखंडी बाकड्यांनाही असते. शिवाय नाचघराची किंवा मांडवाची जमीन सपाट असेलच याची हमी कोण देतो? पेटीचा तळ चारी बाजूंनी जमिनीला टेकला की ती डुगडुगते. निदान एका पायाला फिरवून उंची साधणारे रबरी बूट हवे.

वजनाचा हिशेब मी त्याच्याच मापांवरून केला. पाऊण इंची प्लायवूडची ती पेटी रिकामीच बारा-तेरा किलो भरते. दुहेरी वाद्य आपल्या पेटीसह तीस किलोच्या पुढे सहज जाते. ध्वनिवर्धक वेगळाच. हे सर्व वाहणारा हमाल कोण? वादकच. आणि हे वाद्य वाजविणाऱ्यांत साठी ओलांडलेले लोक थोडे नाहीत. वाद्य मांडताना ते पेटीत उलटे ठेवून पाय स्क्रूने बसवावे लागतात, पेडलची पट्टी आणि सळ्या जोडाव्या लागतात, मग ते उचलून सुलटे करावे लागते. म्हणजे पहिला स्वर निघण्यापूर्वीच कंबर चार वेळा वाकलेली असते. गाडीपासून मंचापर्यंतची एक फेरी वाचते, म्हणून सगळे एकात भरावे, हा त्याचा युक्तिवाद मी ऐकून घेतला. त्यात तथ्य आहे. एक फेरी वाचते हे खरे, परंतु ती एक फेरी वाचविण्यासाठी पाठीचा मणका गहाण टाकण्याचे कारण नाही. अर्ध्या इंचाचे लाकूड किंवा ॲल्युमिनियमचे पाय आणि वर उथळ पेटी, एवढ्यात रिकामे वजन निम्म्यावर येते. बारा कप्प्यांपैकी सातांत जे जाणार आहे ते वाद्याच्या पेटीतही राहू शकते.

पण माझा खरा राग आहे तो झाकणावर. या वाद्यातील सर्वांत उंच स्वराची तिसरी तार अतिशय बारीक असते आणि तुटायची झाली म्हणजे बहुधा तीच तुटते. गाणे चालू आहे, तार तुटली. नवी तार कोठे आहे? झाकणाखाली. झाकणावर कोण बसले आहे? स्वतः वादक! आता त्याने उठावे, वाद्याच्या मागून निघावे, गादी उचलावी, बाराव्या कप्प्यात हात घालावा, आणि तोवर नाचणाऱ्या जोडप्यांनी एकमेकांची तोंडे पाहावी. ज्याने कधी वाजविलेच नाही अशा माणसाला हा दोष दिसला आणि वाजविणाऱ्याला दिसला नाही, कारण त्याने घरच्या शांततेत पेटी काढली. उजव्या अंगाला एक खण हवा, न उठता उघडणारा. त्यात तार, तार कापण्याची पक्कड आणि जादा नख्या, इतकेच. दांडीला मात्र कापडाचे घट्ट घर हवे. नाही तर तो पोलादाचा तुकडा प्रवासभर घरंगळत आतल्या वस्तूंना ठोकीत राहतो.

कड्या-कुलपांच्या खुळखुळाटाविषयीही लिहिले पाहिजे. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याच्यासाठी त्याच्या वडिलांनी १९५३ साली एका घडीच्या खुर्चीचे पाय कापून ती जमिनीपासून अवघ्या १४ इंचांवर आणली. ती खुर्ची तो जन्मभर देशोदेशी बरोबर नेत असे. वर्तमानपत्रांनी तिला लहर म्हटले. गादी झिजून नाहीशी झाली तरी त्याने ती टाकली नाही, आणि तिची करकर त्याच्या ध्वनिमुद्रिकांतून आजही ऐकू येते. त्या करकरीचे कौतुक होते, कारण वाजविणारा गूल्ड होता. नाचघरातल्या साथीदाराची बैठक वाजली तर त्याला पुन्हा बोलावीत नाहीत.

येथे मला आमच्या मामांची आठवण होते. आपल्या देशात ही दांडीची गिटार फार पूर्वी आली. ताऊ मो हे हवाईत वाढलेले कलावंत १९४० नंतरच्या दशकात सहकुटुंब कलकत्त्यास राहिले होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपले यांनी विजेची हवाईयन गिटार घरोघर पोहोचविली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिला रागदारीत आणले आणि बैठकीवर बसविले, त्यामुळे त्या दालनात खुर्चीचा प्रश्नच मिटला; चादर अंथरली की झाले. परंतु ऑर्केस्ट्रात वाजविणाऱ्याला चादर कोण अंथरणार? आमचे मामा बेळगावच्या एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवीत. पत्र्याच्या एका ट्रंकेत वायरी, नख्या, फ्यूज, पेचकस भरून नेत आणि तिच्यावर घोंगडीची घडी टाकून बसत. १९८९ च्या सुमारास एका गावच्या उत्सवात संयोजकांना ती ट्रंक शोभेना. मंचावर पाहुण्यांसाठी आणलेली हातांची खुर्ची त्यांना देण्यात आली; आमच्या कोंकणी घरांतून अशा खुर्चीला कदेल म्हणतात आणि तिचा मान मोठा. मांडीवरची आडवी गिटार तिच्या दोन हातांत मावेना. मामा खुर्चीच्या टोकावर तिरपे बसून दोन तास वाजवीत राहिले. दांडी दोन-तीनदा घसरली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि पुढच्या रांगेत बसलो होतो. पुढच्या वर्षी त्या उत्सवाला दुसरा वादक गेला. मामांनी या गोष्टीचा उच्चार पुन्हा कधी केला नाही. त्यांचा मुलगा तर तेव्हा पाळण्यात होता.

वकील म्हणून माझा एक मुद्दा उरतो. अमेरिकेत २०१२ साली विमानवाहतुकीविषयी जो कायदा झाला त्यात वाद्यांसाठी स्वतंत्र कलम आहे आणि त्याचे नियम २०१५ पासून लागू झाले. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १५० इंचांच्या आत आणि वजन १६५ पौंडांच्या आत असलेले वाद्य, त्या विमानाच्या मर्यादेत बसत असेल तर, सामान म्हणून नेऊ देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. कलमातला शब्द “वाद्य” असा आहे. बैठकीचे नाव त्यात नाही. मग पेडल स्टील वादकाची बैठक वाद्यात मोडते की इतर सामानात? माझ्या मते ती वाद्यात मोडते, आणि वर जे शरीराचे कारण दिले आहे तेच त्याचे प्रमाण. परंतु हा दावा उद्या कोणी मांडावयाचा झाला तर विमानतळाच्या काउंटरवरचा कारकून काय पाहील? तो वस्तू पाहील. बारा कप्प्यांची, आत मोजे नि शर्ट भरता येतील अशी पेटी समोर आली तर तो तिला ट्रंक म्हणेल, आणि त्याचे चूक नसेल. दहा वादकांनी दहा ट्रंका नेल्या की ट्रंक हीच नजीर होऊन बसते. ज्या वस्तूची घडणच बैठक म्हणून झाली आहे, तिच्याविषयी निदान बोलता तरी येईल.

हे सर्व मी मामेभावाला लिहिले. त्याने आठ दिवस उत्तर दिले नाही. मग एक ओळ आली : खण उजवीकडे घेतला आहे, खोली बारा इंच केली आहे, कप्पे पाच, उंचीचे काय ते अजून ठरत नाही, पायांना भोके पाडली की ताकद कमी होते. ही अडचण खरी आहे आणि ती मला सोडविता येत नाही. अभियंता तो आहे.

ट्रंक अजून माळ्यावर आहे. मी ती खाली काढून मोजली. उंची १५ इंच, आणि घोंगडीच्या चार घड्या घातल्या की सतरा. दोन घड्या काढल्या की सोळा. एवढे त्याला कळविले आहे.