‘बी’ की ‘ई’?

प्रयोगशाळेतून वॉर्डात फोन येतो, ‘हेपटायटिस बी पॉझिटिव्ह.’ वॉर्डातल्या गोंगाटात ऐकणारा लिहून घेतो ‘ई’. बी, सी, डी, ई या सगळ्यांचा शेवट एकाच स्वरात होतो; फोनवर सुरुवातीचे व्यंजन हरवते आणि स्वर तेवढा उरतो. रुग्ण गर्भवती असेल तर ही चूक किरकोळ नाही. ‘बी’ असेल तर बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस द्यावी लागते, सोबत इम्युनोग्लोब्युलिनही. ‘ई’ बहुधा दूषित पाण्यातून होतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईच्याच जिवावर बेतू शकतो.

म्हणून अक्षरासोबत एखादा शब्द सांगण्याची पद्धत पडली. आपल्याकडे बहुधा गावांची नावे वापरतात आणि तिथेच घोटाळा होतो. ‘ओ’साठी उस्मानाबाद म्हटले की ऐकणारा ‘यू’ लिहितो. ‘पी’साठी फलटण म्हटले की ‘एफ’, ‘एक्स’साठी झेरॉक्स म्हटले की ‘झेड’. इंग्रजी स्पेलिंग बरोबर असते, पण कान उच्चारावर चालतो. त्यात गावांची नावेही बदलतात. ‘बी’चे बॉम्बे १९९५ मध्ये ‘एम’चे मुंबई झाले, ‘सी’चे कलकत्ता २००१ मध्ये ‘के’चे कोलकाता. जुनी परिचारिका आणि नवा तंत्रज्ञ एकाच गावासाठी दोन वेगळी अक्षरे धरून बसतात.

विमानवाहतुकीत १९५६ पासून आल्फा, ब्राव्हो, चार्ली ही यादी जगभर चालते. फ्रेंच वाचकाने शेवटचा ‘टी’ गाळू नये म्हणून तिच्यातल्या ज्युलिएटला दोन ‘टी’ दिले आहेत. तरीही ‘एल’साठीचा लिमा हा शब्द मलय भाषेत पाच हा आकडा आहे. सर्वत्र निर्दोष ठरेल असा शब्द सापडणे कठीण. दोन्ही टोकांना एकच यादी असणे मात्र शक्य आहे.

रुग्णालयांनी अशी एक यादी ठरवून प्रत्येक फोनजवळ लावावी. निरोप घेणाऱ्याने तो लिहावा, मोठ्याने वाचून दाखवावा आणि समोरच्याचा होकार घ्यावा. लेखी अहवाल हाती येताच त्याच्याशी ताडून पाहावा. यासाठी यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. अर्धा मिनिट लागतो.

घरच्यांनीही औषधाचे नाव फोनवर ऐकून दुकान गाठू नये. चिठ्ठीचा फोटो मागवावा.