माळ्यावरची पाण्याची बंदूक

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आजोळी गेलो होतो. रत्नागिरी जिल्ह्यातले खाडीकाठचे गाव, कौलारू घर. पावसाआधी कौले परतायची म्हणून माळा रिकामा करायला घेतला. कल्हई गेलेली भांडी निघाली, नानीचे पानदान निघाले, एक मोडके शिलाई मशीन निघाले, आणि सगळ्यांच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेली, हातभर लांबीची प्लास्टिकची पाण्याची बंदूक. आम्ही ती बाजूला ठेवून पुढच्या पेटीकडे वळलो. पण मुंब्र्याहून आलेला आमचा भाचा, आपाचा मुलगा, ती उचलून उजेडात घेऊन गेला. तिच्यावरचे नाव वाचून तो म्हणाला, "खाला, ही सीपीएस 2000 आहे. हिला किती मागणी आहे माहीत आहे का तुम्हाला?"

आम्हाला माहीत नव्हते. आम्हाला फक्त 1997 सालचा मे महिना आठवला.

आमचे मामू जहाजावर होते. कोकणातल्या किती मुसलमान घरांतले पुरुष असे जहाजावर होते, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. नऊ-दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. त्या वर्षी मामू अमेरिकेतल्या ह्यूस्टन बंदरातून ही बंदूक घेऊन आले. आम्ही सात मामे-मावस भावंडे. मामूंना आमच्यातल्या निम्म्यांची नावेसुद्धा लगेच आठवत नसत, पण खेळणे मात्र त्यांनी सगळ्या दुकानातले सर्वांत मोठे आणले होते.

पहिल्याच सकाळी आम्ही दोन हंडे पाणी संपवले. विहीर तळाला गेलेली होती, ते हंडे आपाने पहाटे ओढून भरले होते. शिवाय वाळत घातलेले पापड भिजले, आणि धाकट्या मावसभावाच्या डोळ्यावर पाण्याचा असा झोत बसला की तो तासभर डोळा चोळत राहिला. नानी बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "वजूला पाणी जपून घ्यायला सांगणारा आपला दीन. आणि तुम्ही भावाच्या तोंडावर नेम धरता?" मामूंनी काही न बोलता बंदूक आमच्या हातातून घेतली, गोणपाटात बांधली आणि माळ्यावर टाकली. पुढच्या खेपांना त्यांनी टॉवेल, साबण आणि बिस्किटांचे डबे आणले. खेळणे पुन्हा कधी आणले नाही.

नानींचे बरोबर होते, असे आम्हाला आजही वाटते. पण मामूंचा उतरलेला चेहराही विसरता येत नाही.

भाच्याने माहिती काढली. तिच्यातली बरीच वर्गात सांगावी अशी निघाली, म्हणून इथे देतो. या बंदुकीचे मूळ जनक लॉनी जॉन्सन. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले, 1949 चा जन्म, काळ्या समाजातले. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असण्याचा तो काळ. 1968 मध्ये अलाबामा विद्यापीठात भरलेल्या विज्ञान स्पर्धेत ते एकटेच काळे विद्यार्थी होते. स्वतः बनवलेला यंत्रमानव घेऊन गेले आणि पहिले आले. पुढे हवाई दलात गेले, मग नासाच्या प्रयोगशाळेत गॅलिलिओ मोहिमेवर काम केले. 1982 मध्ये घरच्या न्हाणीघरात ते पाण्यावर चालणाऱ्या उष्णता-पंपाचा प्रयोग करत होते. नळाला जोडलेल्या तोटीतून पाण्याची जोरदार धार सुटली, आणि याची बंदूक छान होईल असे त्यांच्या मनात आले. पाइपांचे तुकडे आणि सोड्याची रिकामी प्लास्टिकची बाटली जोडून त्यांनी नमुना केला. बाजारात यायला 1990 साल उजाडले. लारामी नावाच्या कंपनीने ती आणली आणि पुढच्या वर्षी तिला 'सुपर सोकर' हे नाव मिळाले. त्या एका वर्षात 20 कोटी डॉलरच्या वर विक्री झाली. 1995 मध्ये लारामीला हॅस्ब्रो या मोठ्या कंपनीने विकत घेतले. नंतर मानधन कमी दिल्याचा वाद उभा राहिला आणि 2013 मध्ये जॉन्सन यांना 7 कोटी 29 लाख डॉलर मिळाले. कारागिराचा मोबदला थकवू नये ही आपल्याकडची शिकवण आहे. तिथे तो लवादाकडून वसूल करावा लागला.

पहिल्या बंदुकांत हवा दाबून भरत. पाणी बाहेर पडत जाते तशी आतली हवा पसरते, दाब उतरतो, आणि सुरुवातीला लांब जाणारी धार शेवटी पायाशी पडते. 1996 मध्ये आलेल्या सीपीएस 2000 मध्ये हवेऐवजी जाड रबराची थैली होती. पंप मारला की पाणी थैलीत शिरते आणि ती फुग्यासारखी फुगते. घोडा दाबला की रबर आकसते आणि पाण्याला जवळजवळ सारख्याच जोराने शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर ढकलते. चाळीस-पन्नास फूट धार, आणि सेकंदा-दीड सेकंदात थैली रिकामी. चेहऱ्यावर व डोळ्यांवर नेम धरू नये, असे कंपनीनेच बजावले होते. ते आमच्यापैकी कोणी वाचले नव्हते. दोनच वर्षांत हिची जागा दुसऱ्या नमुन्याने घेतली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत हॅस्ब्रोने रबरी थैलीच्या बंदुका बनवणेच थांबवले. म्हणून आज जुन्या, धड असलेल्या बंदुकीला परदेशातले हौशी लोक शेकडो डॉलर मोजतात.

खेळण्यातल्या बंदुकीबद्दल नानींना जी धास्ती होती ती त्या देशातही होती. 1992 मध्ये बॉस्टन शहरात पाणी उडवण्यावरून भांडण पेटले, कोणी तरी खरी बंदूक काढली आणि एका किशोरवयीन मुलाचा जीव गेला. तिथल्या महापौरांनी दुकानदारांना या बंदुका विकू नका असे आवाहन केले होते.

भाच्याने लगेच विक्रीची जाहिरात लिहिली. आम्हाला वाचून दाखवली: 'जुनी, जवळजवळ न वापरलेली, उत्तम स्थितीत.' जवळजवळ न वापरलेली, हे खरेच होते. एका सकाळीपलीकडे आम्ही तिला हात लावला नव्हता. उत्तम स्थितीत, हे कोणी पाहिले होते?

गावात बोटींची इंजिने दुरुस्त करणारा मेकॅनिक आहे. आम्ही बंदूक त्याच्याकडे नेली. त्याने पाणी भरले, चार पंप मारले. नळीतून काही आले नाही, पण सांध्यातून मांडीवर पाणी गळले. मग त्याने कडेचे स्क्रू काढले. स्क्रू गंजले होते. "खाऱ्या पाण्यात वापरल्यासारखे दिसतात," तो म्हणाला. आम्ही म्हटले, खाडीची हवा आहे, दुसरे काय. आतली रबरी थैली सुकलेल्या आमसुलासारखी झाली होती. बोट लावले तिथे भेग पडली. पंपाच्या ओ-रिंगाही कडक झाल्या होत्या. प्लास्टिक मात्र ठणठणीत. अंधारात होते म्हणून वाचले, तो म्हणाला. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, पण रबराला अंधारही वाचवत नाही. कौलांखालची उष्णता आणि हवेतला प्राणवायू त्याला हळूहळू खातातच, वापरा की वापरू नका. आम्ही शहाणपणाने व्हॅसलीन लावू का विचारले, तर त्याने हात धरला. असले खनिज तेलाचे पदार्थ नैसर्गिक रबर फुगवून खराब करतात. लावायचे तर सिलिकॉन ग्रीस. आणि ठेवताना पाणी काढून, दाब सोडून, कोरडी करून ठेवायची.

आम्हाला त्याच्या दुकानात एक गोष्ट भावली. इतक्या वर्षांनी सात-आठ स्क्रू काढले आणि ते खेळणे उघडले. कुठे काय बिघडले ते दिसले. रंगपंचमीच्या आधी आमच्या शाळेबाहेर ज्या पिचकाऱ्या लागतात त्यांचे दोन अर्धे भाग एकमेकांना चिकटवलेले असतात. दट्ट्याची चकती सुटली की संध्याकाळी ती गटारात. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे, ते चांगलेच झाले. मुलाच्या तोंडात विषारी रंग जाऊ नये हे पाहिलेच पाहिजे. पण ते उघडते का, त्याचा वायसर मिळतो का, हे दुकानात कोणी विचारत नाही. ईदीच्या पैशांतून मुले खेळणी घेतात तेव्हा आम्ही आता खेळणे उलटे करून स्क्रू शोधतो. दुकानदार हसतो, हसू दे.

घरी आल्यावर भाचा म्हणाला, "खाला, जाहिरात आहे तशीच राहू दे. घेणारा ती काचेच्या कपाटात ठेवणार. पाणी कुठे भरणार आहे? बाहेरून तर उत्तमच आहे ना?"

मुलगा लबाड नाही. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पाच वक्ताचा नमाजी आहे, आणि त्याच्या बोलण्यात तथ्यही होते. आम्हाला क्षणभर उत्तर सुचले नाही. मग आम्ही त्याला मक्तबात शिकलेलाच प्रसंग आठवून दिला. अल्लाहचे प्रेषित (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला आणि बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. त्या माणसाने धान्य भिजवले नव्हते. पावसाने भिजवले होते. दोष त्याचा नव्हता, झाकणे त्याचे होते. आमचे रबरही आम्ही तडकवले नव्हते.

"पण किंमत अर्ध्यावर येईल," भाचा म्हणाला.

"येईल."

तो बराच वेळ पडवीत मोबाईल घेऊन बसला. मग त्याने तडकलेल्या रबराचा फोटो काढला आणि 'उत्तम स्थितीत' खोडून 'आतले रबर निकामी' असे लिहिले. दोघे विचारत होते त्यातला एक गप्प झाला. दुसऱ्याने निम्म्याहूनही कमी किंमत सांगितली. आपा एवढेच म्हणाली, "माझे दोन हंडे त्यात धरले आहेत का?"

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या कोणाच्या लक्षात आली नव्हती. बंदूक कोणाची? हिबा दिला आणि घेणाऱ्याने ताब्यात घेतला की तो त्याचा होतो, एवढे आम्हाला ठाऊक आहे. पण घेणारे आम्ही सात. एक कतारला, एक मालेगावला, एक पुण्यात. आणि ताबा म्हणाल तर एका सकाळीपुरता. सातांना विचारायचे तर निदान देणाऱ्यापासून सुरुवात करावी, म्हणून असर नंतर आम्ही मामूंच्या खाटेजवळ गेलो. मामू आता पंचाहत्तरीचे आहेत, गुडघ्यांनी धरले आहे. बंदूक मांडीवर ठेवल्यावर त्यांनी पंपाच्या दांड्यावर हात बरोबर ठेवला, न पाहता.

"रबर गेले?" त्यांनी विचारले.

"गेले, मामू."

"मग नवीन बसवा. इंजिनाचे बसवतात, हिचे का नाही?"

विकण्याबद्दल ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मेकॅनिकने औषधांच्या दुकानातली रबरी नळी आणवली, तिचे पदर एकावर एक चढवून थैलीसारखे काही तरी केले आणि क्लिपांनी आवळले. ओ-रिंगा त्याच्याकडे होत्याच. शंभर रुपये घेतले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही निघायच्या आदल्या दिवशी, पाऊस लागला. आपाने स्वतः पागोळ्यांखाली बादली लावली. भाच्याने बंदूक भरली. चेहऱ्यावर नेम धरायचा नाही, हे मामूंच्या नातवाला तीनदा सांगून झाले, मग त्याने फणसाच्या खोडावर धार सोडली. पंधरा-वीस फूट गेली असेल, थोडी सांध्यातूनही गळत होती.

मामू पडवीतून पाहत होते. "डेकवर याच्या दुप्पट जायची," ते म्हणाले.

"कुठल्या डेकवर, मामू?"

"जहाजाच्या. ह्यूस्टन सोडल्यापासून महिनाभर आम्ही रोज खेळायचो. गोडे पाणी कोण देणार, समुद्राचेच भरायचो. चीफ इंजिनियरला मी दोनदा भिजवला होता."

भाच्याने आमच्याकडे पाहिले. मग ओले हात सदऱ्याला पुसून त्याने मोबाईल काढला आणि जाहिरातीतले 'जवळजवळ न वापरलेली' हे शब्द खोडायला घेतले.