पर्सनॅलिटी म्हणजे फाडफाड इंग्रजी?

सातवं सेमिस्टर जवळ आलं की हॉस्टेलमध्ये दोन गोष्टींची उसनवारी सुरू होते : फॉर्मल शर्ट आणि इंग्रजी वाक्यं. 'आय ॲम अ टीम प्लेअर' हे वाक्य तर मेसच्या वरणासारखं सगळ्यांना पुरतं! "पर्सनॅलिटी पाहिजे यार," असं जो तो म्हणतो आणि त्याचा अर्थ एकच काढतो, फाडफाड इंग्रजी. मला हा अर्थ मान्य नाही.

मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले. माझं इंग्रजी बरं आहे, पण त्यात माझं कर्तृत्व काय? शाळा घरच्यांनी निवडली. तरी 'हिचं कम्युनिकेशन चांगलं' असं सर्टिफिकेट मला फुकटात मिळतं. आणि शेजारच्या खोलीतली मैत्रीण, जिच्याकडून परीक्षेच्या आदल्या रात्री निम्मा मजला थर्मोडायनॅमिक्स समजून घेतो, ती जीडीत गप्प बसते. एन्ट्रॉपी मला कळली ती तिच्या मराठीतूनच. मग सांगा, कम्युनिकेशन कोणाचं चांगलं?

व्यक्तिमत्त्व विकासाच्या सेमिनारमध्ये एक आकडा हमखास ऐकवतात : शब्दांचा परिणाम ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. पण ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो घेऊन, आवड-नावड कशी ओळखली जाते एवढंच पाहणारे होते. इंटरव्ह्यूमध्ये बीमचं डिझाइन समजावताना हा फंडा लागू होत नाही. ताठ बसा, नजरेला नजर द्या, जरूर द्या; पण सांगायला काही नसेल तर टाय काय करणार?

आता दुसरं उदाहरण. २८ जानेवारी १९८६ ला 'चॅलेंजर' यान कोसळलं, सात अंतराळवीर गेले. थंडीत रबरी ओ-रिंग दगा देईल, उड्डाण नको, असं बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी आदल्याच रात्री सांगितलं होतं. तक्ते होते, आकडे होते आणि इंग्रजी तर त्यांची मातृभाषा! तरी वरिष्ठांनी ऐकलं नाही. पुढे चौकशी आयोगासमोर रिचर्ड फाइनमन यांनी ओ-रिंगचा तुकडा शिकंज्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. शिकंजा काढल्यावर रबर लगेच मूळ आकारात आलं नाही. जे समजायचं ते सगळ्यांना समजलं. ऐकायचंच नाही असं ठरवलेल्या साहेबापुढे कोणाचंच चालत नाही, हे खरं. पण समोरच्याला दिसेल असं सांगणं म्हणजे काय, ते त्या एका ग्लासात आहे.

याचा अर्थ इंग्रजी नको असा कोणी काढू नका. रिपोर्ट, ई-मेल, क्लायंटचा फोन, नोकरीत इंग्रजी लागतंच. फक्त क्रम बदलूया. आधी मुद्दा डोक्यात स्पष्ट, मग तो मराठीत सांगता येणं, मग इंग्रजीत. आपण उलटं करतो, वाक्य पाठ करतो आणि मुद्दा शोधत बसतो.

माझी एक साधी सूचना आहे. आठवड्यातून एक रात्र कॉमन रूमचा टीव्ही बंद ठेवूया. प्रत्येकाने तीन मिनिटांत आपल्या विषयातली एक गोष्ट दुसऱ्या ब्रँचवाल्याला सांगायची. ऐकणाऱ्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. त्याला जमलं नाही, तर चूक सांगणाऱ्याची! पहिला महिना मराठीत, दुसऱ्या महिन्यापासून तेच इंग्रजीत. कॉन्व्हेंटवाल्यांनी इंग्रजी सुधारून द्यायचं, पण हसायचं नाही. सर आणि मॅडमना विनंती एवढीच, की तोंडी परीक्षेत एखादा अडखळला तर "मराठीत सांग" एवढं म्हणून बघा. तो गप्प का आहे, विषय येत नाही म्हणून की भाषा येत नाही म्हणून, हे अर्ध्या मिनिटात कळेल.

शर्ट उसना मिळतो हो, मित्रांनो. आत्मविश्वास मात्र ज्याचा त्यालाच शिवून घ्यावा लागतो.