शाळा बुडवणारे दोन पालक

जानेवारीत, शाळा चालू असताना, पहिलीतल्या पोराला आठवडाभर गोव्याला नेले तर परतल्यावर सगळे कौतुकाने विचारतात, "मजा केली का?" त्याच महिन्यात बीडचे पहिलीतले पोर आईबापांबरोबर उसाच्या फडावर असेल, तर हाच समाज म्हणतो, "या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही."

गैरहजेरी तीच, मग न्याय दोन का? एकाने सहलीसाठी शाळा बुडवली. दुसऱ्याच्या आईबापांनी मुकादमाची उचल घेतलेली असते. दिवाळीच्या सुमारास गाव सोडले की चार-पाच महिने परतणे नाही. पहिल्याचा अभ्यास शिकवणी भरून काढेल. दुसऱ्याचा कोण काढणार?

आता आपले नोकरदारही म्हणू लागलेत, "पहिलीत काय बुडतं?" ज्यांच्या आजा-पणजांना वर्गाबाहेर बसवले, त्यांनी हे बोलावे?

१९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. आईबापांना दोष देत न बसता सोय केली. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. म्हणून मागणी करा: ऊसतोडीच्या गाड्या गावातून हलण्याआधी हंगामी वसतिगृह सुरू झालेच पाहिजे.

आणि आपली सहल? ती मे महिन्यात काढा.

जयभीम!