परकोट कोणाचा?

चंद्रपूर शहराभोवती गोंड राजांच्या काळातला परकोट आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे. या परकोटावर झाडेझुडपे माजली होती, कचरा साचला होता. १ मार्च २०१७ पासून ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी तो रोज स्वतः साफ करायला सुरुवात केली. दोनशे दिवस झाले तरी ते थांबले नाहीत. त्यांचे कौतुक झाले, ते योग्यच.

पण मुलांनो, कचरा टाकला कोणी? भिंतीलगत राहणाऱ्यांनीच ना! ‘जागा सरकारची आहे,’ असे म्हणून हात झटकणे फार सोपे असते. मला वाटते, परकोटालगतच्या प्रत्येक मोहल्ल्याने आपली समिती नेमावी आणि आपल्यामागची भिंत आपणच सांभाळावी. त्यासाठी वर्गणी नको. घरटी एक माणूस आणि आठवड्यातून एक तास पुरे.