ब्रेक नवे, तरी चाक का तापते?

वहीचा मेळ बसला नाही, तर आपण चुकलेली नोंद शोधतो. नवी वही विकत आणत नाही. ब्रेकचे नवे पॅड बसवूनही चाक तापू लागले, जळका वास येऊ लागला किंवा मोटार एका बाजूस ओढू लागली, तर हाच न्याय लावावा.

मेकॅनिककडून मोटारीला पक्का टेकू देऊन, ब्रेक अडकलेला असतानाच कॅलिपरचा ब्लीडर किंचित सैल करवावा. तेल जोराने उडून चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडला आहे. एकच चाक तापत असेल, तर बहुधा त्याची रबरी नळी आतून फुगलेली असते. पुढची दोन्ही तापत असतील, तर मास्टर सिलिंडर आणि पेडलच्या दांड्याची मोकळीक तपासावी. ब्लीडर सैल करूनही चाक सुटले नाही, तर पिस्टन, कॅलिपरच्या पिना किंवा पॅडच अडकले आहेत. मागील चाक असल्यास हँडब्रेकची केबलही पाहावी. ब्लीडर उघडल्यावर तेलातील हवा काढून घेणे आवश्यकच.

डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. तेल उकळले की पेडल तळाशी जाते आणि ब्रेक लागत नाही. म्हणून चाक तापत असता कुटुंबासह घाट उतरण्याचे धाडस करू नये. नव्या भागाचे बिल देण्यापूर्वी एवढेच विचारावे : “दोष कोणत्या परीक्षेने ठरवला?”