मोबाईलवरचा कोर्स चालेल, पण समुपदेशकाची खुर्ची रिकामी का?

हॉस्टेलमधल्या, वस्तीतल्या आपल्या पोरापोरींच्या मोबाईलमध्ये हल्ली मनाच्या आरोग्याची ॲप्स असतात. नैराश्यावरचा काही आठवड्यांचा कोर्स, चिंतेवरचे धडे, झोपेसाठीचे व्यायाम. यावरून आपल्यातच दोन टोकं झाली आहेत. एक म्हणतं, हे सवर्ण मध्यमवर्गाचे चोचले आहेत, लढा हेच आपलं औषध. दुसरं म्हणतं, मोबाईलवर फुकट मिळतंय तर डॉक्टरकडे कशाला जायचं? आम्हाला ही दोन्ही टोकं मान्य नाहीत.

पहिल्या टोकाला आमचा प्रश्न आहे. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेली. रोहित तर स्वतः चळवळीतला कार्यकर्ता होता. लढणाऱ्याचं मन थकत नाही, हे कुणी सांगितलं? अन्यायाविरुद्ध मोर्चा काढायचाच. पण रात्र-रात्र झोप नसलेल्या कार्यकर्त्याला उपचार मिळाले, तर चळवळ कमजोर होत नाही. तो टिकला तरच ती टिकते.

आता दुसरं टोक. या कोर्सेसपैकी बरेचसे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीवर, म्हणजे सीबीटीवर उभे आहेत. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेली ही पद्धत. मनात येणारा विचार पकडायचा, लिहायचा, तपासायचा, छोटी-छोटी कामं ठरवून करायची. तिला ठरावीक पायऱ्या असल्यामुळे ती धड्यांत बसवता येते. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचा 'मूडजिम' असाच तयार झाला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत सौम्य नैराश्यासाठी असे कार्यक्रम दिले जातात. मात्र सोबत विचारपूस करणारा प्रशिक्षित माणूस असतो. कारण अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे की एकट्याच्या भरवशावर कोर्स दिला तर अनेक जण तो अर्ध्यावर सोडतात, आणि मागे कुणी विचारणारं असलं तर फायदा वाढतो.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. समुपदेशक आठवड्यातून एकदा, तासभर भेटतो. उरलेले सहा दिवस माणूस एकटा असतो. त्या सहा दिवसांत कोर्समधली विचारांची वही भरा, झोपेची नोंद ठेवा, आणि ती वही पुढच्या भेटीत समोर ठेवा. कोर्स करतोय हे समुपदेशकाला सांगा. कोर्समुळे बरं वाटलं म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. आणि जीव द्यावासा वाटत असेल, भास होत असतील, तर तो ॲपचा विषयच नाही. तिथे माणूसच लागतो, तोही ताबडतोब. सरकारची टेलि-मानस ही फुकट हेल्पलाईन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

पण खरी मेख पुढे आहे. सीबीटी विचारते, तुझ्या विचाराला पुरावा काय? 'सगळे माझ्याबद्दल वाईट बोलतात' या विचाराला ती 'दुसऱ्याचं मन वाचण्याची चूक' म्हणते. ठीक. पण पहिल्याच दिवशी जिला प्रवेश परीक्षेची रँक विचारून जात काढली गेली, जिच्यासमोर 'कोट्यातली' म्हणून हसलं गेलं, त्या पोरीकडे पुरावा आहे! तिचा विचार चुकीचा नाही, तिच्या भोवतीची माणसं चुकीची वागताहेत. हा फरक ॲपला कळत नाही. जाणत्या समुपदेशकाला कळतो. आणि 'आता कुठे राहिली जात?' असं विचारणाऱ्या समुपदेशकालाही तो कळत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

गंमत अशी की या ॲपवाल्यांना बुद्ध हवा असतो. डोळे मिटलेला, श्वास मोजणारा. बाबासाहेबांचा बुद्ध त्यांना चालत नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मधला सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या भांडणामुळे. म्हणजे दुःखाचं मूळ शोधताना बाबासाहेब आपल्याला माणसामाणसांतल्या व्यवहाराकडे नेतात. श्वासावर लक्ष ठेवायला आमची हरकत नाही. पण गळा कुणी दाबलाय ते विचारूच नका, याला हरकत आहे.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत. खासगी समुपदेशकाच्या एका तासाच्या फीत मजुराची दोन-तीन दिवसांची हजेरी जाते. अशा वेळी कॉलेजं भिंतीवर क्यूआर कोड चिकटवतात आणि म्हणतात, झालं आमचं काम! २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर जात, धर्म, लिंग असा भेद न करता सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने उचलायचा आहे. हा हक्क किती जणांना माहीत आहे? किती जणांनी मागितला?

तेव्हा मागण्या अशा. प्रत्येक सरकारी हॉस्टेलसाठी पगारी, प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याच्या प्रशिक्षणात जातीचा विषय सक्तीचा हवा. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांतून समुपदेशक घडावेत म्हणून शिष्यवृत्त्या हव्यात. मराठीत, साध्या बोलीत कोर्स हवेत आणि त्यांच्या मागे फोन उचलणारा माणूस हवा. ॲपवर भरलेली माहिती प्रशासनाच्या हाती जाणार नाही, याची लेखी हमी हवी.

तोवर आपल्या बुद्धविहारांत, अभ्यासिकांत आठवड्यातून एक संध्याकाळ मनाच्या गोष्टी बोलण्यासाठी राखून ठेवू या. त्याला पैसा लागत नाही. आणि ज्याला डॉक्टरची गरज आहे, त्याच्यासोबत आपल्यातल्या कुणीतरी दवाखान्यापर्यंत जाऊ या.

जयभीम!